दुकान बदललं की बाओ का बदलतो?

शांघायमध्ये राहणारा खाद्यलेखक क्रिस्टोफर सेंट कॅव्हिश याने वर्षभराहून अधिक काळ एक चमत्कारिक उद्योग केला. दुकानात जायचं, वाफाळत्या श्याओलोंगबाओची, म्हणजे पातळ पारीत खिमा आणि सूप भरलेल्या छोट्या चिनी बाओची, टोपली मागवायची आणि पहिला घास घेण्याआधी पिशवीतून कात्री, डिजिटल वजनकाटा आणि कॅलिपर बाहेर काढायचा. मग एकेक बाओ कापून आतलं सूप निथळायचं, त्याचं वजन करायचं, सारणाचं वेगळं वजन करायचं, उरलेल्या पारीची जाडी मोजायची आणि सगळं वहीत उतरवायचं. अशी ५२ दुकानं पालथी घालून २०१५ मध्ये त्याने आपली मोजमापं एखाद्या शास्त्रीय अहवालाच्या थाटात छापली. गुण द्यायचं सूत्र सरळ होतं. सारण आणि सूप जितकं जास्त आणि पारी जितकी पातळ, तितके गुण जास्त.

हा प्रकार अर्धा गमतीचा होता, पण त्यामागचा प्रश्न खरा होता. मैद्याची पारी, डुकराच्या मांसाचा खिमा, थोडं आलं, थोडी कांद्याची पात, आणि वाफ. सगळ्या दुकानांत सामान हेच. तरी एका दुकानातला बाओ तोंडात टाकताच सुपाचा लोट सुटतो आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या दुकानातला पिठाळ, कोरडा लागतो, असं का होतं? दुकानदाराला विचारलं तर तो हसून आजोबांच्या गुप्त पाककृतीकडे बोट दाखवेल. खरं पाहता गुपित म्हणावं असं यात फार थोडं आहे. फरक पडतो तो घराण्यात, पारीत, गोठवलेल्या रशात, वाफेत आणि सगळ्यात जास्त घड्याळात. हे पाच मुद्दे माहीत असले की कोणत्याही नव्या दुकानात पहिल्या टोपलीतच अंदाज येतो.

घराणी कोणकोणती?

शांघाय शहराच्या वायव्येला ज्यादिंग नावाचा भाग आहे. त्यातलं नानशियांग हे जुनं गाव श्याओलोंगचं माहेर मानलं जातं. १८७१ च्या सुमारास हुआंग मिंगशियान नावाचा मिठाईवाला तिथल्या गूयी बागेच्या परिसरात मोठे वाफवलेले बाओ विकत असे. धंदा चालू लागला तशी शेजारच्यांनी नक्कल सुरू केली. तेव्हा त्याने बाओ लहान केला, पारी पातळ केली, सारण वाढवलं आणि छोट्या बांबूच्या टोपलीतच तो गिऱ्हाइकापुढे ठेवायला सुरुवात केली, अशी कथा सांगतात. नक्कल करणाऱ्याला मोठा बाओ जमतो, पातळ पारीचा लहान बाओ चटकन जमत नाही, हा व्यापारी हिशेब त्यात होता. १९०० मध्ये ही विद्या शांघायच्या जुन्या शहरात, युयुआन बागेजवळच्या नगरदेवतेच्या मंदिराच्या परिसरात पोहोचली. तिथलं नानशियांग दुकान आजही पर्यटकांच्या रांगेसाठी प्रसिद्ध आहे. २०१४ मध्ये नानशियांगच्या या कौशल्याला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

सूप भरलेल्या बाओची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी असावी. उत्तर सोंग राजवटीची राजधानी म्हणजे आजचं खायफंग. तिथल्या बाजाराचं वर्णन करणारा मंग युआनलाओ याचा ग्रंथ ११४७ चा आहे आणि त्यात एका नामांकित बाओवाल्याचा उल्लेख येतो. ११२७ मध्ये जुर्चेन लोकांनी खायफंग घेतलं आणि दरबार दक्षिणेला, आजच्या हांगचौला गेला. त्याबरोबर स्वयंपाकीही गेले आणि बाओही गेला, असं खायफंगचे लोक अभिमानाने सांगतात. त्यांच्या बाओबद्दल म्हणतात, उचलला की कंदील दिसतो आणि खाली ठेवला की शेवंतीचं फूल.

नवं दुकान चाखताना पहिला घोटाळा होतो तो इथेच. शांघायपासून फार दूर नसलेल्या वूशीच्या घराण्यातला बाओ आकाराने मोठा, सोया सॉसमुळे तांबूस सारणाचा आणि चक्क गोड असतो. शांघायची सवय असलेल्याला वाटतं, साखर चुकून जास्त पडली. वूशीच्या माणसाला शांघायचा बाओ बेचव वाटतो. जिंगज्यांगचा सूप-बाओ तर बशीभर मोठा असतो आणि त्यात जवळजवळ सगळं सूपच असतं, म्हणून तो नळीने प्यायचा. शीआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात डुकराचं मांस वर्ज्य असल्याने बीफ किंवा मटण घालून सूप-बाओ करतात. उत्तरेकडे त्यानचिनचा गोउबुली बाओ अर्धवट आंबवलेल्या पिठाचा, जाडसर आणि लुसलुशीत असतो. त्यामुळे नव्या दुकानाला नावं ठेवण्याआधी पाटीवर गावाचं नाव आहे का ते पाहावं. वूशीच्या बाओला शांघायची फूटपट्टी लावली तर तो नापासच होणार.

सूप आत जातं कसं?

हा प्रश्न पहिल्यांदा खाणाऱ्या प्रत्येकाला पडतो. पातळ पारीत पातळ रस्सा भरून तोंड कसं बंद केलं असेल? उत्तर असं की भरताना तो रस्सा पातळ नसतोच.

डुकराची कातडी स्वच्छ करून, चरबी खरवडून, पाण्यात किंवा कोंबडीच्या रशात काही तास मंद आचेवर शिजवतात. कातडीत कोलॅजेन हे प्रथिन भरपूर असतं. त्याचे तीन पदर दोरीसारखे एकमेकांभोवती वळलेले असतात. बराच वेळ उष्णता लागली की हा पीळ सुटतो, पदर मोकळे होतात आणि पाण्यात विरघळतात. याचंच नाव जिलेटिन. हा रस्सा गाळून थंड केला की सुटे पदर जागोजाग पुन्हा एकमेकांत गुंततात, त्यांचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. रशाची थरथरणारी वडी पडते. ती बारीक चिरून किंवा किसून खिम्यात मिसळतात आणि मग बाओ भरतात.

जिलेटिनची गंमत त्याच्या वितळण्यात आहे. साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्याही खाली, ते पाघळतं. टोपली वाफेवर चढली की खिमा शिजण्याच्या कितीतरी आधी वडीचं सूप होतं आणि पारीच्या आत साठून राहतं. पण याच गुणामुळे स्वयंपाकघरात त्याची फार बडदास्त ठेवावी लागते. शांघायचा उन्हाळा दमट आणि कडक. ओट्यावर सारण दहा-पंधरा मिनिटं जास्त राहिलं तर वडी भरता भरताच पाघळते, कडा ओल्या होतात, तोंड नीट मिटत नाही आणि वाफवताना सूप टोपलीत सांडतं. म्हणून चांगल्या दुकानात सारणाचं भांडं लहान असतं आणि ते फ्रीजमधून थोडं थोडं बाहेर येतं.

इथे दुकानाचा स्वभाव कळतो. वडीत जिलेटिन कमी असेल तर सूप पातळ, पाणचट. फार जास्त असेल तर ओठ एकमेकांना चिकटतात. कातडी नीट खरवडली नसेल तर सुपावर तेलाचा जाड तवंग आणि डुकराचा उग्र वास. काटकसर करणारा दुकानदार वडीच कमी घालतो, मग बाओ दिसायला तोच, पण आत नुसता खिम्याचा गोळा. काहींचं याच्या अगदी उलट. सुपाचं कौतुक जास्त होतं म्हणून वडी इतकी भरायची की मांसाला चवच उरत नाही.

खिमाही आपोआप रसदार होत नाही. मीठ घालून तो एकाच दिशेने बराच वेळ ढवळायचा, ही चिनी स्वयंपाकघरातली शिकवण. मिठामुळे मांसातली काही प्रथिनं विरघळून चिकट होतात आणि पाणी धरून ठेवतात. आल्याचं, पातीच्या कांद्याचं पाणी थोडं थोडं घालत ढवळलं की खिमा ते पिऊन घेतो. हे काम घाईत उरकलं तर शिजल्यावर खिमा आक्रसतो आणि रबरासारखा चावावा लागतो.

पारीची परीक्षा

उकडीचे मोदक करणाऱ्या हातांना हा भाग लगेच उमजेल, कारण दोन्हीकडे कसोटी एकच आहे: पारी पातळ हवी आणि फुटता कामा नये. पण दोघांची वाट उलटी आहे. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं, ते नुसत्या गार पाण्याने बांधलं तर भुरभुरतं. म्हणून आपण उकड काढतो. उकळत्या पाण्याने पिष्ट फुगून चिकट होतं आणि तेच पारीला बांधून ठेवतं. गव्हाच्या पिठाला ही गरज नाही. त्यातली प्रथिनं गार पाण्यानेच एकमेकांना धरतात आणि तिंबल्यावर लवचीक जाळं होतं. तेच पीठ उकळत्या पाण्याने भिजवलं तर प्रथिनं आधीच शिजून जातात. पारी मऊ होते, पण तिचा ताण जातो.

सूप-बाओच्या पारीला आतल्या गरम रशाचं ओझं पेलायचं असतं, म्हणून तिला ताण हवा. ओठांना मऊही लागायला हवी. कोणी फक्त गार पाणी वापरतं, कोणी थोडं पीठ गरम पाण्यात आणि उरलेलं गार पाण्यात भिजवून दोन्ही एकत्र तिंबतं. मळून झालं की कणीक ओल्या फडक्याखाली मुरायला ठेवतात. हा मुरण्याचा वेळ कापला तर लाटताना पारी आखडते. मग कारागीर ती जाडच ठेवतो.

लाटण्याची तऱ्हा काचेपलीकडून पाहता येते, कारण अनेक दुकानं कारागिरांना दर्शनी भागातच बसवतात. लांब वळकटी करून तिच्या एकसारख्या लाट्या तोडतात. एक हात लाटी फिरवत राहतो, दुसरा हात आखूड लाटणं फक्त कडेपासून मध्यापर्यंत नेऊन मागे आणतो. मध्याला लाटणं पोहोचत नाही, म्हणून मध्य जरा जाड राहतो आणि कडा झिरझिरीत होतात. यामागे हिशेब आहे. सुपाचं सगळं वजन तळावर येतं म्हणून तळ दणकट हवा. कडा वर जाऊन कळ्यांमध्ये एकावर एक चढतात, तिथे आधीच जाडी साठते, म्हणून त्या पातळ हव्यात. मग पारी तळहातावर, सारण मध्ये, एका अंगठ्याने ते खाली दाबत दुसऱ्या हाताच्या चिमटीने कळ्या पाडत जायचं आणि शेवटी पिळून टोक मिटवायचं. सराईत हाताला हे सगळं करायला काही सेकंद पुरतात.

कळ्यांच्या संख्येचं फार स्तोम माजलं आहे. कोणी चौदा म्हणतं, कोणी अठरा. कळ्या सारख्या पडल्या असतील तर हात सराईत आहे एवढंच त्यातून कळतं. टोकाची गाठ जाड राहिली तर अठरा कळ्या असूनही ती आतून कच्ची राहते आणि दाताखाली पिठाचा गोळा येतो. नव्या दुकानात कळ्या मोजत बसण्यापेक्षा टोकाची ती गाठ चावून पाहावी.

पीठ आंबवलेलं की बिनआंबवलेलं, हा पारीचा दुसरा मोठा भेद. आंबवलेल्या पिठात हवेची छिद्रं असतात. ती सूप शोषून घेतात, त्यामुळे पारी चविष्ट होते आणि आत सूप उरत नाही. बिनआंबवलेली पारी सूप अडवून धरते. शांघायच्याच शंगजियान या तव्यावर परतलेल्या बाओत हे स्वच्छ दिसतं. १९३२ पासूनच्या ‘दा हू चुन’ची पद्धत आंबवलेल्या, गुबगुबीत पारीची, जवळजवळ बिनसुपाची. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘यांग्ज’ची पद्धत पातळ, बिनआंबवलेल्या पारीची, चावताच सूप उडवणारी. दोघांचे चाहते एकमेकांना अडाणी ठरवतात. दोन्ही दुकानं आपापल्या जागी बरोबरच आहेत.

वाफ, बांबू आणि तळाचं अस्तर

एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना मात्र सुमारे ५४० कॅलरी बाहेर पडतात. वाफ थंड बाओवर टेकते, तिचं पाणी होतं आणि ही सगळी उष्णता पारीला मिळते. म्हणूनच लहान बाओ पाच ते आठ मिनिटांत शिजतो. पाण्यात उकळला असता तर पारी घुसळली गेली असती आणि फुटली तर चव पाण्यात गेली असती.

पण जमलेलं पाणी जायचं कुठे? धातूच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब साचतात आणि खाली टपकतात. जिथे थेंब पडेल तिथे पारी गिळगिळीत होते. विणलेल्या बांबूचं झाकण ते पाणी पिऊन घेतं आणि जादा वाफ फटींतून बाहेर सोडतं. बांबूच्या टोपल्या दिसायला छान असतात म्हणून टिकल्या, असं नाही. धातूचं भांडं वापरणाऱ्या दुकानाला झाकणाखाली फडकं बांधावं लागतं. टोपल्यांची चळत फार उंच असेल तर खालच्या टोपलीला जास्त आणि वरच्या टोपलीला कमी वाफ मिळते. कारागिराने मधेच त्यांची जागा बदलली नाही तर एकाच दुकानात शेजारच्या टेबलावरचा बाओ वेगळा लागतो.

टोपलीच्या तळाला अस्तर असतं. जुन्या पद्धतीत चीड-पाइनच्या झाडाच्या सुया अंथरतात, त्यांचा मंद वास बाओला लागतो. कोबीची पानं, ओलं फडकं, भोकं पाडलेला कागद किंवा हल्लीची सिलिकॉनची जाळी, असे पर्यायही आहेत. अस्तर कोरडं पडलं की पारीचा तळ त्याला चिकटतो. मग बाओ उचलताना तळ फाटतो आणि सगळं सूप टोपलीतून खाली जातं. सूप गेलं की बाओचा अर्धा जीव गेला.

घड्याळ सगळ्यात मोठं

शांघायच्या हुआंगहे रस्त्यावर नावारूपाला आलेलं ‘ज्या ज्या थांग बाओ’ हे साधंसुधं दुकान एका शिस्तीसाठी ओळखलं जातं. आधी पैसे भरायचे, मग तुमचे बाओ वळायला घ्यायचे, मग ते वाफेवर चढायचे. दिवसाचं सारण संपलं की दुकान बंद. खोळंबा होतो, पण टेबलावर येणारी टोपली त्या क्षणी चुलीवरून उतरलेली असते.

ही शिस्त शोभेची नाही. वळून ठेवलेला कच्चा बाओ अर्धा तास बसला तर सारणातली ओल पारीत झिरपते आणि तळ नरम पडतो. शिजलेला बाओ तसाच ठेवला तर पारी सूप शोषते, वरची कड सुकून चिवट होते, सूप गार होत दाट होतं आणि चरबी गोठू लागते. टोपली उतरल्यावर पाच-सात मिनिटांत जो बाओ उत्तम, तो वीस मिनिटांनी सामान्य होतो. घरी बांधून नेलेल्या बाओवरून कोणत्याही दुकानाची परीक्षा करू नये, तो अन्याय आहे. युयुआन बागेजवळच्या नानशियांग दुकानात तर वर्षानुवर्षं तळमजल्यावर खिडकीतून बांधून देण्याची रांग आणि वरच्या मजल्यांवर चढ्या दराने बसून खाण्याची सोय, असा प्रकार चालत आला आहे. एकाच पाटीखाली दोन अनुभव मिळतात, ते असे.

घड्याळाला शरण न जाता त्यालाच कामाला लावलं ते तैपेईच्या ‘दिन ताय फंग’ने. या दुकानाचा संस्थापक यांग बिंगयी ना शांघायचा, ना पेशाने आचारी. शान्शी प्रांतात जन्मलेला हा माणूस १९४८ मध्ये तैवानला आला आणि १९५८ मध्ये त्याने खाद्यतेलाचं दुकान थाटलं. पुढे डबाबंद तेल बाजारात आलं, सुट्या तेलाचा खप बसला, तेव्हा दुकानाचा अर्धा भाग त्याने बाओ विकायला दिला. १९७२ मध्ये तेल सुटलं आणि दुकानाचं उपाहारगृह झालं. ५ ग्रॅमची पारी, १६ ग्रॅमचं सारण, १८ कळ्या, एकूण २१ ग्रॅम, असं माप बसवून प्रत्येक बाओ वजनकाट्यावरून जाऊ लागला. १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या दुकानाला जगातल्या दहा उल्लेखनीय उपाहारगृहांत गणलं, १९९६ मध्ये टोकियोत शाखा निघाली आणि पुढे हाँगकाँगच्या शाखेला मिशेलिनचा तारा मिळाला. या घराण्याचा मोठेपणा अप्रतिम चवीपेक्षा सातत्यात आहे. इथे दुकान बदललं तरी बाओ बदलू नये, यासाठीच सगळा खटाटोप. गल्लीतल्या छोट्या दुकानाकडून ही अपेक्षा नसते. तिथे सकाळचा कारागीर आणि संध्याकाळचा कारागीर वेगळा असला तरी फरक कळतो.

घड्याळाबरोबर पंचांगही बघावं लागतं. शरद ऋतूत यांगचंग सरोवरातले खेकडे भरात येतात. चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी आणि दहाव्यात नर उत्तम मानतात. त्या दिवसांत खेकड्याचा गर आणि गाभोळी घातलेले केशरी सुपाचे बाओ सगळीकडे मिळतात. जे दुकान बाराही महिने तेच बाओ तेवढ्याच दरात विकतं, त्याचा खेकडा बहुधा गोठवलेला असतो.

मागायचं कसं, खायचं कसं

शांघायच्या जुन्या वळणाच्या दुकानात बाओ नगावर मागत नाहीत, ‘ल्यांग’वर मागतात. एक ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम. पण हे वजन बाओचं नसून त्याला लागलेल्या पिठाचं असतं. १९५० च्या दशकापासून १९९३ पर्यंत चीनमध्ये धान्याचं रेशन होतं आणि दुकानात पैशांबरोबर धान्याची कुपनंही द्यावी लागत. कुपनं गेली, माप राहिलं. शंगजियान एक ल्यांग मागवले तर चार नग येतात. प्रत्येक पदार्थाचा हिशेब वेगळा, म्हणून नवख्याने आधी शेजारच्या टेबलाकडे बघून घ्यावं.

टोपली आली की बाओ टोकाच्या गाठीला चॉपस्टिकने हलकेच धरून उचलायचा, खाली चमचा धरायचा, कडेला छोटं छिद्र पाडायचं, वाफ जाऊ द्यायची, सूप चोखायचं आणि मग उरलेला बाओ खायचा. अख्खा तोंडात टाकणाऱ्याची जीभ हमखास पोळते, कारण आत जवळजवळ उकळता रस्सा असतो आणि त्यावरचा चरबीचा थर त्याला निवू देत नाही.

सोबत आल्याच्या केसासारख्या काड्या आणि काळं व्हिनेगर येतं. ज्यांगसू प्रांतातल्या चनच्यांग शहरात चिकट तांदळापासून हे व्हिनेगर करतात. तिथला ‘हंगशुन’ कारखाना १८४० पासून चालू आहे. चांगल्या व्हिनेगरचा आंबटपणा सौम्य असतो, मागे थोडी गोडी असते आणि तो चरबीचा जडपणा कापतो. पण तेच व्हिनेगर सारणाचा उग्र वासही झाकतं. म्हणून नव्या दुकानातला पहिला बाओ कशातही न बुडवता खावा.

आपल्या गल्लीत

महाराष्ट्रातल्या शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर वाफाळणारे मोमो हे नेपाळ-तिबेटकडचे. त्यांच्यात सहसा गोठवलेला रस्सा नसतो, असतो तो कोबी, कांदा आणि मांसाचा अंगचा ओलावा. त्यांच्याकडून सुपाची अपेक्षा करू नये. बाकी कसोट्या मात्र जशाच्या तशा लागू पडतात. पारीची गाठ शिजली आहे का? तळ फाटतो का? झाकणाचं पाणी वर टपकतं का? आणि मुख्य म्हणजे भांड्यातले मोमो केव्हापासून वाफेवर आहेत? तास दोन तास वाफेवर राहिलेली पारी फुगून लिबलिबीत होते आणि ती झाकण्यासाठी मग लाल चटणी जहाल करावी लागते.

शाकाहारी सूप-बाओची खटपट करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. जिलेटिनच्या जागी चायना ग्रास वापरता येतं, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. ते सुमारे ८५ अंशांना वितळतं, म्हणून बाओ आतपर्यंत नीट तापला पाहिजे. आणि ४० अंशांच्या आसपास ते पुन्हा जमू लागतं, त्यामुळे बाओ गरमागरमच खावा लागतो. रस्सा मशरूम आणि भाजलेल्या कांद्याचा केला तर त्याला अंग येतं. हॉटेलात मात्र शाकाहारी माणसाने नुसतं ‘व्हेज’ लिहिलेलं वाचून गप्प बसू नये. सूप कशाने गोठवलं आहे, हे विचारून घ्यावं.

दुकान निवडताना पाटी किती जुनी आहे, रांग किती लांब आहे आणि कळ्या किती आहेत या गोष्टी दुय्यम आहेत. ऑर्डर दिल्यावर बाओ वळायला घेणारं दुकान सापडलं, टोपली येईपर्यंत पंधरा मिनिटं थांबावं लागलं आणि पहिला बाओ व्हिनेगरशिवाय चवीला छान लागला, तर ते दुकान धरून ठेवा. आणि मागवताना एकदम चार टोपल्या मागवू नका. एक संपत आली की दुसरी सांगा.